युरोपच्या पार्टीने ‘कार्बन किती’ म्हणून शीट पाठवलीय, टॉवेलला टॅक्स लागणार का? आणि सोलर बसवू का नको?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय इथं, लिहितोय पहिल्यांदा, काही चुकलं तर सांभाळून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडं आमचं घर आहे, खाली १६ लूम आणि वर आम्ही राहतो, वडिलांनी चालू केलेलं, मी २०१४ पासून बघतोय. टेरी टॉवेल आणि नॅपकिन काढतो. स्वतः एक्स्पोर्ट करत नाही, इथल्याच एका मर्चंट एक्स्पोर्टरला माल देतो, तो पुढं जर्मनीला आणि अमेरिकेला पाठवतो.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसातून व्हॉट्सॅपवर एक एक्सेल शीट आली. एक किलो टॉवेलला किती युनिट वीज लागते, डाईंगच्या बॉयलरला कोणतं जळण आणि किती, सोलरची वीज किती टक्के, पाणी किती लिटर, असले रकाने, आणि खाली सही-शिक्का. फोन केला तर तिथला पोरगा म्हणतो युरोपात कार्बन टॅक्स चालू झालाय १ जानेवारी २०२६ पासून, शीट भरली नाही तर पुढची ऑर्डर कठीण आहे, आणि जमलं तर सोलर बसवून टाका म्हणजे टॅक्स वाचेल. वडील शीट बघून म्हणाले, इतकी वर्षं सुताचा हिशोब विचारायचे, आता धुराचा विचारायलेत.

आता माझा गोंधळ असा की डाईंग मी करतच नाही, कोरा माल प्रोसेस हाऊसला जातो, तिथला बॉयलर माझा नाही तर त्याचा आकडा मी कुठून आणू. दुसरं म्हणजे सोलरवाले दोघं येऊन गेले, एक म्हणतो ७८ हजार सबसिडी मिळवून देतो, दुसरा म्हणतो कारखान्याला सबसिडी नसतेच. तिसरं म्हणजे एकाच वॅटच्या पॅनलचे दोन भाव सांगितले, डीसीआर महाग आणि नॉन-डीसीआर स्वस्त, हे काय प्रकरण आहे? माझं वीजबिल महिन्याला साडेपाच हजार युनिटच्या आसपास येतं, माल निघतो साधारण सहा हजार किलो. मंजूर लोड २६ एचपी. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा, एजंट लोकांनी कृपया नंबर टाकू नयेत.

नवीपेठ_निवांत

४४ डिग्रीत राहणारा माणूस विचारतोय सोलर बसवू का. बसव की बे, आपल्याकडं ऊन आणि शेंगा चटणी या दोनच गोष्टी कधी कमी पडत नाहीत.

पण आधी सांग वर स्लॅब आहे का सिमेंटचा पत्रा?

टॉवेलवाला_सोलापूर

@नवीपेठ_निवांत स्लॅब आहे दादा. जवळजवळ दोन हजार स्क्वेअर फूट, त्यात पाण्याच्या दोन टाक्या. पाणी चार-पाच दिवसाआड येतं त्यामुळं टाक्या हलवता येणार नाहीत.

चिंचोळी_क्वालिटी

मी चिंचोळी एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग युनिटला क्वालिटी बघतो, आमचा थोडा माल युरोपात जातो आणि ही डोकेदुखी आमच्याकडं २०२३ पासून आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. तो पोरगा ज्याला कार्बन टॅक्स म्हणतोय त्याचं नाव सीबॅम. सीमेवर कार्बनची भरपाई वसूल करायची युरोपियन युनियनची योजना आहे ती. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब चालू झाला, त्याची सर्टिफिकेटं तिकडचा इम्पोर्टर फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेणार. पण त्याची यादी ठरलेली आहे: लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज. टॉवेल त्यात नाही. सूत नाही, कापड नाही, चादर नाही. नटबोल्ट आहेत, टॉवेल नाही. म्हणजे तुमच्या मालावर आज सीबॅमचा एक युरोसुद्धा लागत नाही, आणि तुम्ही सोलर लावून तो ‘वाचवू’ शकत नाही, कारण जो टॅक्सच नाही तो वाचणार कुठून.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर आहे. समजा तुम्ही टॉवेल नाही, बोल्ट काढत असता. तरी छतावर सोलर लावून सीबॅम कमी झाला नसता! कारण पोलादाला ते भट्टीतला थेट धूरच मोजतात, विजेचा मोजत नाहीत. सिमेंट आणि खताला विजेचाही मोजतात. हे आमच्या मालकांना समजवायला मला तीन मीटिंगा लागल्या, तोपर्यंत सोलरवाल्याने ‘सीबॅम रेडी’ असं कोटेशनवर छापून आणलं होतं.

आणि अजून एक, २०२५ च्या शेवटी त्यांनी छोट्यांना सूट दिली, एखादा युरोपियन इम्पोर्टर वर्षाला ५० टनांच्या आत असला माल आणत असेल तर त्याच्यावर हे बंधन नाही. वीज आणि हायड्रोजनला ही सूट नाही, पण ते आपल्याला कशाला पाहिजे.

मग शीट कशाला आली? कारण तिकडच्या मोठ्या दुकानसाखळ्यांना स्वतःच्या सगळ्या पुरवठादारांचा कार्बन मोजून जाहीर करायचाय. तो कायदा त्यांच्या डोक्यावर आहे, तुमच्या नाही, पण ते कागद खाली सरकवतात. दुकान एजंटला विचारतं, एजंट एक्स्पोर्टरला, एक्स्पोर्टर तुम्हाला, आणि तुमच्या खाली फक्त प्रोसेस हाऊसचा बॉयलर राहतो. शिवाय युरोपचा इकोडिझाईनचा नवा कायदा जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात पुढं मालाला डिजिटल पासपोर्ट लावायचाय आणि कापड त्यांच्या पहिल्या यादीतच आहे. म्हणजे क्यूआर कोड मारला की सूत कुठलं, रंग कुठला ते दिसणार. त्यामुळं शीट फेकून देऊ नका, ती भरा. फक्त टॅक्सच्या भीतीने भरू नका.

तुमचा आकडा मी इथंच काढतो. ५५०० युनिट भागिले ६००० किलो म्हणजे किलोला ०.९ युनिट. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड धरतात. म्हणजे तुमच्या विणकामाचा भार किलोला साधारण ०.६ किलो. झालं, एक रकाना भरला. खरा धूर तुमच्या लूममध्ये नाहीच, ब्लीचिंग-डाईंगच्या वाफेत आहे.

वायरमन_भवानीपेठ

चिंचोळीवाले साहेबांनी बरोबर लिहिलंय, मी फक्त मीटरचं बोलतो कारण माझं पोट त्याच्यावर आहे.

भाऊ तुमच्या घरात दोन मीटर असणार, वरचं घरगुती आणि खालचं पॉवरलूमचं. ते ७८ हजारवाला वरच्या मीटरचं बोलतोय आणि सबसिडी नसते म्हणणारा खालच्या मीटरचं, दोघंही खरं बोलतायत पण अर्धं अर्धं. पीएम सूर्यघर फक्त राहत्या घराला आहे, २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असे ७८ हजार, त्याच्या वर कितीपण बसवा ७८ हजारच. आता पुढचं नीट वाचा. काही जण सल्ला देतात वरच्या मीटरवर सबसिडीचं सोलर घ्या आणि मागून एक वायर खाली लूमला सोडा. हे करू नका. घरगुती मीटरवरची वीज धंद्याला वापरली म्हणजे वीज कायद्याचं कलम १२६, दुप्पट दराने बिल काढतात आणि मागच्या काळाचं काढतात. आमच्याच भागात मागं एकाला असं आलंय, त्याने कपाळाला हात लावला.

करायचं तर असं करा, वर ३ किलोवॅट घराला सबसिडीत, आणि बाकी जागेत लूमच्या मीटरवर वेगळं नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजतं ते) घेऊन. १ किलोवॅटला १०० स्क्वेअर फूट मोकळी जागा धरा, टाकीची सावली सोडून १५-१६ बसतील. मंजूर लोड २६ एचपी म्हणजे १९ किलोवॅट आणि काही, त्याच्या आतच आहे त्यामुळं लोड वाढवायची भानगड नाही. लोड उगाच वाढवू पण नका, २७ एचपीच्या आतल्या लूमवाल्यांची वीज सवलत वेगळी आहे, एक एचपीच्या नादात ती घालवाल.

धूळ लै बसते आपल्याकडं. महिन्यातून दोनदा पुसलं नाही तर काय उपयोग नाही, आणि पाणी कुठून आणणार ते बघा आधी.

सातरस्ता_सीए

डीसीआर-नॉन डीसीआरचं कुणी सांगितलं नाही म्हणून मी लिहितो.

डीसीआर म्हणजे सेलही (पॅनलच्या आतला वीज तयार करणारा तुकडा) भारतात बनलेला आणि पॅनलही भारतातलं. नॉन-डीसीआरमध्ये पॅनल इथं जोडलेलं असलं तरी आतला सेल बाहेरचा, बहुतेक वेळा चिनी. सरकारच्या सबसिडीत बसायचं तर डीसीआर लागतं, सूर्यघरलाही आणि शेतीच्या सोलर पंपांच्या कुसुम योजनेलाही. खालच्या लूमच्या मीटरला सबसिडीच नाही त्यामुळं तिथं डीसीआरची सक्ती नाही, पण नेट मीटर पाहिजे तर पॅनल सरकारच्या मंजूर यादीतलंच, म्हणजे एएलएमएम, घ्यावं लागतं. आणि १ जून २०२६ पासून पॅनलबरोबर सेलचीही यादी लागू, म्हणजे स्वस्त सेलचा रस्ता तिथंही अरुंद.

मागची गोष्ट थोडी सांगतो कारण ती मला स्वतःला आवडते. जवाहरलाल नेहरू सोलर मिशनमध्ये आपण हीच अट घातली होती की सेल-पॅनल देशी वापरा. २०१३ मध्ये अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये आपण हरलो, फेब्रुवारीत एकदा आणि अपिलात सप्टेंबरमध्ये परत. आपला बचाव होता की ही सरकारी खरेदी आहे. निकाल असा लागला की सरकार विकत घेतंय वीज, पॅनल नाही, मग पॅनलवर अट घालायला सरकारी खरेदीची सूट कशी मिळेल. बघा काय बारीक धागा पकडला! मग आपणही अमेरिकेच्या राज्यांमधल्या तसल्याच अटी पकडून तक्रार केली आणि जून २०१९ मध्ये ती केस आपण जिंकलो. म्हणजे उपदेश दोघंही करतात आणि अट दोघंही घालतात.

नंतर आपण दुसरा मार्ग धरला, ड्यूटी. १ एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के. त्यातून देशात पॅनलचे कारखाने उभे राहिले हे खरं, आणि त्याच ड्यूटीमुळं छतावर बसवणाऱ्याला जगाच्या भावात पॅनल मिळालं नाही हेही खरं. कारखानदार आणि गिऱ्हाईक एकाच देशातले आहेत म्हणून हिशोब जुळतो असं नाही. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. आणि लूमच्या मीटरवर बसवाल त्याला इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, तो सोलरवाला सांगणार नाही, तुमचा सीए सांगेल, नसेल सांगत तर सीए बदला.

प्रोसेस हाऊसच्या कोळशाबद्दल पण सांगून ठेवतो. कोळशावर टनाला सेस होता, २०१० मध्ये ५० रुपये, वाढत वाढत २०१६ मध्ये ४००. नाव काय तर स्वच्छ ऊर्जेचा सेस. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ते ४०० रुपये राज्यांच्या जीएसटी भरपाईत गेले, स्वच्छ ऊर्जा राहिली बाजूला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सेस काढला आणि कोळशाचा जीएसटी ५ वरून १८ केला. ऐकायला वाढ वाटते. पण सेसचं क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स पुढच्या टॅक्समधून वजा करणं, प्रोसेसवाल्याला घेता येत नव्हतं, १८ टक्क्यांचं येतं. म्हणजे ज्याची पुस्तकं नीट आहेत त्याला कोळसा उलट हलका झाला! तिकडं युरोप विचारतोय कोळसा किती जाळता आणि इकडं कोळशाचं बिल उतरलंय.

पुण्यातला_सोलापूरकर

सगळं वाचलं, छान चाललंय, पण कुणीच मूळ प्रश्न विचारत नाहीये. युरोपने दोनशे वर्षं कोळसा जाळला, श्रीमंत झाले, आता सोलापूरच्या १६ लूमवाल्याला विचारतायत धूर किती सोडतो. १९९२ च्या रिओ परिषदेत सगळ्यांनी सही केली की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. सीबॅममध्ये हे कुठं आहे? पैसे जाणार युरोपच्या तिजोरीत. तोच पैसा इकडच्या प्रोसेस हाऊसला बॉयलर बदलायला दिला असता तर मी पहिला टाळ्या वाजवल्या असत्या. शीट भरू नका, उद्या अजून दहा शीटा येतील.

चिंचोळी_क्वालिटी

@पुण्यातला_सोलापूरकर तुमचं म्हणणं पटतं, आपलं सरकारही हेच मांडतंय. पण पुण्यात बसून शीट भरू नका म्हणणं सोपं आहे हो. ऑर्डर गेली तर १६ लूम कोण चालवणार, रिओ परिषद?

आणि एक दार सीबॅममध्येच ठेवलेलं आहे, माल जिथं बनला त्या देशात कार्बनची किंमत मोजली असेल तर तेवढी वजा होते. म्हणूनच आपली स्वतःची कार्बन क्रेडिटची योजना, जून २०२३ ला जाहीर झालेली, महत्त्वाची आहे. पैसा तिकडं देण्यापेक्षा इथं राहिलेला काय वाईट. कापड उद्योगसुद्धा त्यात घेतलाय, अर्थात मोठ्या गिरण्या, आपले लूमवाले नाहीत.

शिलाई_घरकाम

मी कॉलेजला आहे, बीकॉम, पण आईचं सांगते. आई टॉवेलच्या कडा शिवते घरी, डझनावर पैसे. पूर्व भागात भाड्याच्या दोन खोल्या. वरती सगळे युरोपचं बोलतायत म्हणून मला अमेरिकेचं आठवलं.

२७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावरची ड्यूटी २५ ची ५० टक्के केली ना, त्यातले वरचे २५ कशाबद्दल तर भारत रशियाचं तेल घेतो म्हणून. मी कॉलेजात हे सरांकडून ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं की बाई गं तुझी शिलाई रशियाच्या तेलामुळं थांबली. आई म्हणाली आपण तर गोडं तेलसुद्धा पाव किलो आणतो. त्या महिन्यात अमेरिकेचा माल बांधून पडला होता आणि आईला गठ्ठेच येईनात, गणपतीत मशीन झाकून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

आणि सोलरचं म्हणाल तर आम्ही उन्हातच राहतो, पत्र्याच्या खोलीत, पण पत्रा मालकाचा आणि मीटर मालकाच्या नावावर. मालक आमच्याकडून युनिटला बोर्डापेक्षा जास्त घेतो. त्यामुळं ७८ हजाराची सबसिडी असो की ड्यूटी कमी होवो आमच्यापर्यंत काहीच येत नाही. सिलेंडर उज्ज्वलाचा आहे, ३०० रुपये खात्यावर येतात हे खरं, पण पावसाळ्यात पाणी तापवायला आई अजून चुलीत लाकडंच घालते.

कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी.

टॉवेलवाला_सोलापूर

@शिलाई_घरकाम वाईट कशाला वाटेल ताई. त्या महिन्यात माझे पण सहा लूम बंद होते. आणि ते भाडेकरूच्या लाईटचं खरं आहे, आमच्या गल्लीत पण तसंच चालतं.

वायरमन_भवानीपेठ

सबमीटर लावून जास्त घेणं नियमात बसत नाही बाळा. पण बोलायला गेलं की मालक म्हणतो खोली खाली करा, काय करणार. फ्लॅटवाल्या सोसायटीला तरी सामाईक लाईटसाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात, चाळीतल्या भाडेकरूला कसलीच सोय नाही.

मोहोळचा_ऊसवाला

राम राम. टॉवेलातलं मला कळत नाही पण सोलरचं कळतंय कारण माझ्या विहिरीवर हाय. मागेल त्याला सौर कृषी पंप मधनं घेतला, साडेसात एचपी, माझा हिस्सा १० टक्के, बाकी केंद्र आणि राज्य. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्यावर साडेसात असा हिशोब हाय.

फायदा सांगतो, रात्रीचं पाणी बंद झालं. आधी रात्री बारा-एकला लाईट यायची आणि मी बॅटरी घेऊन सरीत, साप-इंचू बघत. आता दिवसा दहा ते चार धार चालू, बायको पण जाऊन व्हॉल्व्ह फिरवते. हे मोल कुठल्या शीटमधी लिहित न्हाईत. तोटा पण सांगतो, ढग आलं की पाणी बसतंय, आणि पहिल्याच वर्षी कंट्रोलर जळाला, ज्या एजन्सीने बसवला तिनं दीड महिना फोन उचलला नाही. ऊस वाळला की राव. वॉरंटी पाच वर्षाची कागदावर. त्यामुळं टॉवेलवाले मालक, पॅनल कुणाचं ते सोडा, सर्व्हिसला सोलापुरातलाच माणूस हाय का ते बघा.

आणि हसू येतंय एका गोष्टीचं, आमच्या उसाच्या चिपाडावर कारखाने वीज करतात ती पण हिरवीच की. सिद्धेश्वर कारखान्याची को-जनरेशनची चिमणी जून २०२३ ला पाडली, विमानाला आडवी येत होती म्हणून. दोन्ही पाहिजे होतं सोलापूरला, विमान पण आणि चिमणी पण.

नवीपेठ_निवांत

चिमणीचा विषय काढू नका, हा धागा चारशे पानांचा होईल.

सातरस्ता_सीए

चिमणी राहू दे, चिपाडाचं मात्र कामाचं आहे. टॉवेलवाले, तुमचं प्रोसेस हाऊस कोळसा जाळतं का पांढरा कोळसा? म्हणजे भुशाच्या, चिपाडाच्या दाबून केलेल्या विटा. कार्बनच्या हिशोबात त्या जैविक जळणात जातात, दगडी कोळशासारख्या मोजत नाहीत. तुमच्या शीटमधला सगळ्यात मोठा आकडा तिथं बदलतो, १५ किलोवॅट सोलरने नाही. आधी ते विचारा.

आणि अजून एक बारीक गोष्ट. टीओडी मीटर, म्हणजे वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारं, लागलं की दिवसा ९ ते ५ वीज स्वस्त आणि संध्याकाळी ५ नंतर महाग. ग्रिडवर दिवसा सोलर भरपूर झालंय म्हणून हे. पण याचा अर्थ तुमचं छतावरचं सोलर नेमकी स्वस्तातली वीज वाचवणार आणि रात्रपाळीचं बिल तसंच राहणार. त्यामुळं सोलरवाला परतफेड साडेतीन वर्षं सांगेल तेव्हा त्याने कुठला दर धरलाय ते विचारा, आणि जमलं तर वायंडिंगचं काम दिवसावर आणा.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी एजंटने पण सांगितलं नसतं. तीन दिवसांनी लिहितोय कारण मधे धावपळ केली.

प्रोसेस हाऊसला गेलो होतो. आधी तो मालक म्हणाला तुला कशाला पाहिजे, जीएसटीवाले पाठवलेत का. मग त्याला माझ्या मोबाईलवर शीट दाखवली तर त्याने ड्रॉवर उघडून तशाच चार शीटा काढल्या, वेगवेगळ्या पार्टीच्या, एक पण भरली नव्हती. कोळसा आणि विटा दोन्ही चालवतो म्हणाला, जे स्वस्त मिळेल ते, ऊस पडला की चिपाडाच्या विटा स्वस्त आणि उन्हाळ्यात कोळसा. वजनाची पावती असते पण कुठल्या पार्टीच्या मालाला किती जळण गेलं याची नोंद नाही. शेवटी असं ठरलं की महिन्याचं एकूण जळण भागिले महिन्याचा एकूण माल, तोच आकडा सगळ्या शीटांत टाकायचा. मी त्याला एक्सेल करून देणार आहे, त्या बदल्यात माझ्या दोन लॉटचं डाईंग आधी करणार म्हणाला. हे बरं झालं.

एक्स्पोर्टरच्या पोराला पण सांगितलं की सीबॅममध्ये टॉवेल नाही. तो म्हणे सरांनी तसंच सांगायला सांगितलंय, घाबरल्याशिवाय लोक भरत नाहीत.

वडिलांना ०.६ किलोचा आकडा सांगितला. ते म्हणाले म्हणजे फताटेवाडीला एनटीपीसीत कोळसा जळतो त्याचा हिशोब आपल्या टॉवेलवर का? मी म्हटलं हो, थोडा थोडा. मग म्हणाले तर मग राखसुद्धा आपलीच म्हणायची.

सोलरचं असं ठरवलंय की वर घराला ३ किलोवॅट डीसीआर सबसिडीत आत्ता, आणि लूमच्या मीटरचं बिल टीओडी धरून सीए साहेबांनी सांगितलं तसं परत काढून मग बघू. युरोपसाठी म्हणून काही बसवणार नाही, बिलात बसलं तर बसवणार. @वायरमन_भवानीपेठ रविवारी येता का छत बघायला? चहा-नाष्टा माझ्याकडं.

वायरमन_भवानीपेठ

रविवारी नको, तुमच्या भागात पाणी रविवारी येतं, सगळे टाकीवर असता. सोमवारी सकाळी दहाला येतो, टेप आणतो. टाकीची सावली दहाला आणि तीनला कुठं पडते तेवढं खडूने आखून ठेवा.